गट बोलता व्हायला हवा

रविवारी सकाळी सोसायटीच्या सभागृहात मधुमेह जनजागृती शिबिर भरते. पन्नासेक माणसे खुर्च्यांवर बसलेली, समोर पडदा, पडद्यावर स्वादुपिंडाचे चित्र. डॉक्टर तासभर मनापासून बोलतात. गोड कमी करा, रोज चाला, वजन आटोक्यात ठेवा, तपासण्या चुकवू नका. लोक माना डोलावतात, दोन-चार जण प्रश्न विचारतात, आभारप्रदर्शन होते. मग बटाटावडा आणि भरपूर साखरेचा चहा. घरी जाताना प्रत्येकाला काय करायचे ते ठाऊक असते. खरे तर येतानाही बहुतेकांना ते ठाऊकच होते. तीन महिन्यांनी रक्ततपासणीचा अहवाल हाती येतो, तेव्हा साखरेचा आकडा मात्र जागचा हललेला नसतो.

हा काही एका सोसायटीचा प्रश्न नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या प्रत्येकाला समोर बसवून आहार, व्यायाम, झोप, ताण यांविषयी अर्धा-पाऊण तास बोलेल एवढे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ देशात नाहीत. त्यामुळे रुग्णालये, कंपन्या, व्यायामशाळा, स्वयंसेवी संस्था अशा सगळ्यांनीच गटाचा मार्ग धरला आहे. एकाच वेळी दहा-पंधरा जणांना घेऊन बसायचे आणि आरोग्याच्या सवयी बदलायला मदत करायची.

कल्पना चांगली आहे, पण माणसे एका खोलीत बसवली म्हणजे गट तयार होत नाही. बहुतेक वेळा तयार होतो तो श्रोतृवर्ग. या दोहोंमधला फरक किती मोठा असतो, हे गेल्या ऐंशी वर्षांत अनेकदा मोजले गेले आहे.

तीन टक्के आणि बत्तीस टक्के

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगले मांस सैन्यासाठी जात होते. नागरिकांनी जनावरांचे हृदय, गुर्दे अशा अवयवांचे मांस खावे, अशी सरकारची इच्छा होती. ते स्वस्त होते, पौष्टिकही होते. पण मध्यमवर्गीय घरांत त्याला नाके मुरडली जात. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी यावर एक साधा प्रयोग केला. रेडक्रॉसच्या वर्गांना येणाऱ्या गृहिणींचे त्यांनी सहा गट घेतले. प्रत्येक गटात १३ ते १७ जणी होत्या.

तीन गटांना पाऊण तासाचे उत्तम व्याख्यान दिले गेले. या मांसातील जीवनसत्त्वे, होणारी बचत, देशाची गरज असे सगळे त्यात होते. पाककृतींचे कागदही वाटले. उरलेल्या तीन गटांत तेवढाच वेळ चर्चा झाली. तुमच्यासारख्या गृहिणींना असा बदल करायचा झाला तर काय आडवे येईल, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला गेला. नवऱ्याला आवडणार नाही, शिजवताना वास येतो, अशा अडचणी बायकांनी स्वतःच मांडल्या. त्या मांडून झाल्यावर मग त्याच पाककृती त्यांच्या हाती दिल्या. शेवटी विचारले, येत्या आठवड्यात यातले काही कोण करून पाहणार? ज्या तयार होत्या त्यांनी हात वर केले.

नंतर घरोघरी चौकशी झाली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी फक्त ३ टक्के जणींनी आधी कधी न केलेला असा पदार्थ घरी वाढला होता. चर्चेच्या गटांत हे प्रमाण ३२ टक्के होते. लेविन यांनी हे निष्कर्ष १९४३ मध्ये मांडले. प्रयोग लहान होता. शिवाय चर्चा, सर्वांसमक्ष हात वर करणे आणि नंतर कोणी तरी विचारायला येणार हे ठाऊक असणे, यांतल्या नेमक्या कशाचा किती परिणाम झाला हे त्यातून वेगळे काढता येत नाही. तरीही एवढे स्पष्ट होते की माहिती दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. एका ठिकाणी ती ऐकवली गेली, दुसऱ्या ठिकाणी तिच्यावर बोलून निर्णय झाला.

फरिदपूरची गावे

हाच प्रश्न मधुमेहाच्या बाबतीत, फार मोठ्या प्रमाणावर आणि आधुनिक शास्त्रीय पद्धतीने बांगलादेशात विचारला गेला. फरिदपूर जिल्ह्यातील ९६ गावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन भागांत वाटली गेली. पहिल्या भागातील गावकऱ्यांना मोबाइलवर आठवड्यातून दोनदा मधुमेहाविषयी ध्वनिसंदेश येत. दुसऱ्या भागात दर महिन्याला गावातच गटाची बैठक होई. पुरुषांचे आणि बायकांचे गट वेगळे. एकंदर १८ बैठका झाल्या आणि त्या चालवणाऱ्या व्यक्ती डॉक्टर किंवा परिचारिका नव्हत्या, तर प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. तिसऱ्या भागात यातले काहीच नव्हते.

निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबाइल संदेश ऐकणाऱ्यांचे मधुमेहाविषयीचे ज्ञान वाढले, पण रक्तातील साखरेवर त्याचा परिणाम दिसला नाही. ज्या गावांत गट बसले तिथे मात्र मधुमेह आणि मधुमेहपूर्व अवस्था यांचे एकत्रित प्रमाण इतर गावांच्या तुलनेत ठळकपणे कमी आढळले. आधीपासून उंबरठ्यावर असलेल्यांपैकी पुढच्या दोन वर्षांत मधुमेह जडलेल्यांची संख्याही तिथे बरीच कमी होती.

असे या बैठकांत होत तरी काय होते? त्यांची रचना चार टप्प्यांची होती. आधी गट स्वतःच्या अडचणी शोधतो. मग त्यावर काय करता येईल ते ठरवतो. पुढचे काही महिने ते करतो आणि शेवटी काय साधले, काय नाही, याचा हिशेब मांडतो. बायकांच्या चालण्याचेच उदाहरण घेतले तर, चालणे तब्येतीला चांगले हे सगळ्यांना कळत होते. अडचण होती ती बाईमाणसाने उगीच रस्त्यावर फिरणे लोकांना खटकते ही. यावर ध्वनिसंदेश काही करू शकत नाही. गट करू शकतो, कारण एकटी बाई फिरायला निघाली तर चर्चा होते, दहा जणी निघाल्या तर तो रिवाज होतो.

आपल्याकडेही या पद्धतीचा पुरावा आहे. झारखंड आणि ओडिशातील आदिवासी भागांत 'एकजूट' या संस्थेने गावातील बायकांचे गट बांधले. चित्रे, गोष्टी आणि खेळ यांच्या मदतीने बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी यांवर त्या दरमहा बोलत. तीन वर्षांत या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ३२ टक्क्यांनी कमी राहिला. ही माहिती २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. चेन्नईत ५७८ मधुमेहपूर्व व्यक्तींवर झालेल्या चाचणीत एका गटाला नेहमीचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्याला प्रशिक्षित व्यक्तींनी चालवलेले साप्ताहिक वर्ग आणि गरज पडेल तिथे मेटफॉर्मिन हे औषध. तीन वर्षांत दुसऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी होते.

सुलभकाचे काम

अशी बैठक चालवणाऱ्याला शासकीय प्रशिक्षणांत 'सुलभक' म्हणतात. शब्द थोडा पुस्तकी असला तरी नेमका आहे. काम सुलभ करायचे, स्वतः करायचे नाही. शिक्षक, वक्ता किंवा डॉक्टर म्हणून अनेक वर्षे काढलेल्यांना हेच सर्वांत अवघड जाते. समोर दहा माणसे बसली की बोलायची सवय उसळून येते. प्रशिक्षणात एक साधा आडाखा सांगता येतो. तासाभराच्या बैठकीत सुलभकच वीस मिनिटांहून जास्त बोलला असेल, तर ते व्याख्यान झाले.

सुरुवात बसण्यापासून होते. समोर टेबल आणि पलीकडे रांगा, ही रचनाच सांगते की एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. गोल करून सतरंजीवर किंवा खुर्च्यांवर बसले की प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. माणसे आठ ते पंधरा असावीत. पाच-सहा असतील तर दोघे गैरहजर राहताच गट मोडल्यासारखा वाटतो. वीसच्या वर गेले की निम्मे लोक बोलत नाहीत.

पहिल्याच बैठकीत काही नियम ठरवावे लागतात आणि ते गटानेच ठरवलेले बरे. येथे बोललेले बाहेर जाणार नाही, हा पहिला. एकाच इमारतीत किंवा एकाच कचेरीत काम करणाऱ्यांच्या गटात हा नियम जिवाभावाचा असतो. सूनबाईंची साखर वाढली आहे हे जिन्यात ऐकू आले, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. दुसरा नियम, कोणाला हसायचे नाही. तिसरा, येथे कोणी काही विकणार नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे फार आधी ओळखले गेले. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या नावातच अनामिकता आहे. तिथे माणूस स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलतो, दुसऱ्याला उपदेश करत नाही. पुण्याच्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांमुळे गटात बसून मन मोकळे करण्याची ही रीत महाराष्ट्रालाही परिचयाची झाली आहे.

प्रत्येक बैठकीची सुरुवात एका फेरीने करावी. गेल्या वेळी जे ठरवले होते त्यातले काय जमले आणि काय अडले, हे प्रत्येकाने मिनिटभरात सांगायचे. यात सुलभकाने काय करू नये हे महत्त्वाचे. ज्याला जमले नाही त्याला कारण विचारून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये आणि ज्याला जमले त्याच्यासाठी एवढ्या टाळ्या वाजवू नयेत की बाकीचे खाली मान घालतील. 'नाही जमलं' असे निर्धास्तपणे सांगता येणे ही चांगल्या गटाची खूण आहे. सगळेच 'छान चाललंय' म्हणत असतील, तर कोणी तरी खोटे बोलत आहे.

मग प्रश्न. 'तुम्ही रोज चालता का?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर आहे आणि 'नाही' म्हणताना माणूस लाजतो. 'चालायला जायचं ठरवता, तेव्हा सगळ्यात आधी काय आडवं येतं?' असे विचारले की गोष्ट सुरू होते. सकाळी डबे असतात, गुडघा दुखतो, कुत्री मागे लागतात, नवरा म्हणतो आता या वयात कशाला. या प्रत्येक अडचणीवर उपाय वेगळा आहे आणि तो बहुधा त्याच वर्तुळात बसलेल्या कोणाकडे तरी असतो. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या 'प्रेरक मुलाखत' या पद्धतीचे सार हेच आहे. माणसाला बदलायचे कारण बाहेरून सांगण्याऐवजी ते त्याच्याच तोंडून येऊ द्यायचे. जे कारण आपण स्वतः बोलून दाखवतो, त्याला आपण जास्त बांधील राहतो.

याचा अर्थ सुलभकाने माहिती द्यायचीच नाही असे नाही. क्रम बदलायचा. समजा उपवासाचा विषय निघाला. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर साखर का वाढते, असे कोणी विचारले. आधी गटाला विचारावे, 'तुम्हाला काय वाटतं?' कोणी म्हणेल शेंगदाण्यामुळे, कोणी म्हणेल तुपामुळे, कोणी म्हणेल बटाट्यामुळे. त्यानंतर सांगावे, की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने आणि तंतू नगण्य, म्हणून त्याची साखर लवकर रक्तात उतरते. आणि मग पुन्हा गटाकडे वळावे, 'आता पुढच्या एकादशीला काय करता येईल?' वरीचे प्रमाण किती, राजगिरा चालेल का, खिचडी अर्धी वाटी आणि सोबत दही-काकडी, असे बोलणे सुरू होते. दोन मिनिटांची माहिती दहा मिनिटांच्या निर्णयात मुरते.

बोलणारे काका, गप्प ताई

प्रत्येक गटात एक जण असा असतोच, ज्याला सगळे माहीत असते. बहुधा निवृत्त झालेले काका. त्यांनी आंतरजालावर सगळे वाचलेले असते आणि पहिल्या दहा मिनिटांत ते गट ताब्यात घेतात. त्यांना गप्प बसवले तर अपमान होतो, बोलू दिले तर बाकीचे कंटाळतात. 'काका, तुमचा मुद्दा पक्का लक्षात आला. आता ज्या अजून बोलल्या नाहीत त्यांचं ऐकू या', एवढे पुरते. तरी थांबले नाहीत, तर गटाला दोघादोघांत पाच मिनिटे बोलायला सांगावे. म्हणजे काकांचे भाषण एकाच श्रोत्यापुरते राहते आणि जी ताई पंधरा जणांसमोर तोंड उघडत नाही ती शेजारणीशी मोकळी होते. मग तिच्या वतीने शेजारीण सांगते, 'यांच्या घरी सगळ्यांचा स्वयंपाक या करतात, पण काय करायचं ते सासूबाई ठरवतात.' हे वाक्य आले की गटाला खरा विषय सापडला. चहातली साखर कमी करणे हा आता एकट्या बाईच्या निर्धाराचा प्रश्न राहिला नाही, तो घरातल्या माणसांशी बोलण्याचा प्रश्न झाला.

गप्प बसणे सुलभकालाही शिकावे लागते. प्रश्न विचारल्यावर कोणी बोलले नाही की पाच सेकंदांत जीव कासावीस होतो आणि सुलभक स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजावे. लोक विचार करत असतात. सातव्या-आठव्या अंकाला कोणी तरी घसा खाकरतो.

सल्ल्याचा पूर हेही एक संकट असते. एकीने अडचण सांगितली की चौघे तुटून पडतात, 'तू असं कर, तू तसं कर.' त्याऐवजी 'मी असं केलं' असे बोलण्याची सवय लावावी. दुसऱ्याचा अनुभव ऐकून आपल्याला हवे ते उचलता येते. सल्ला मात्र पाळावा लागतो किंवा मोडावा लागतो.

बैठकीचा शेवट हात हलवत होऊ नये. प्रत्येकाने निघण्यापूर्वी एक लहान गोष्ट ठरवून बोलून दाखवावी. कोणती, केव्हा आणि कोणाबरोबर, हे त्यात यावे. 'मी आता व्यायाम करणार' हा संकल्प झाला. 'सोमवार, बुधवार, शुक्रवारी संध्याकाळी डबे घासून झाले की शेजारच्या वहिनींबरोबर वीस मिनिटं चालणार' हा बेत झाला. तो वहीत लिहावा. वहीची युक्ती जुनी आहे. बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये आरोग्यधामाचा खर्च न परवडणाऱ्या गरीब क्षयरोग्यांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. तेव्हा प्रत्येक रुग्ण रोजच्या नोंदींची वही घेऊन येत असे. समूहोपचाराच्या इतिहासात हा वर्ग पहिल्या पावलांपैकी एक मानला जातो.

गट कुठे फसतात

गट म्हणजे रामबाण नाही. मुंबईतील झोपडवस्त्यांमध्ये 'स्नेहा' या संस्थेने बायकांच्या गटांची अशीच काटेकोर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. नवजात मृत्युदरात किंवा बाळंतपणाच्या सेवांच्या वापरात गटांमुळे फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. केरळमध्ये नेय्याट्टिन्करा तालुक्यात १,००७ जणांना घेऊन झालेल्या चाचणीत गावातल्याच माणसांनी गट चालवले. तिथे भाज्या-फळे खाणे वाढले, मद्यपान कमी झाले. पण दोन वर्षांत मधुमेह होण्याच्या प्रमाणातला फरक इतका लहान होता, की तो योगायोगानेही पडू शकला असता.

या अपयशांतून एक गोष्ट शिकता येते. नेपाळ, भारत, बांगलादेश आणि मलावी या देशांतील बायकांच्या गटांच्या सात चाचण्या २०१३ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. जिथे एकूण गरोदर बायकांपैकी किमान ३० टक्के जणी गटात येत होत्या, तिथे नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. जिथे येणाऱ्या कमी, तिथे परिणाम दिसत नव्हता. एखाद्या वस्तीतल्या मूठभर बायकांच्या चांगल्या चर्चेने वस्तीची रीत बदलत नाही. शहरात घर बदलणे, कामाच्या पाळ्या, पाण्याच्या वेळा यांतून दर आठवड्याला तासभर काढणे सोपे नसते. म्हणून बैठकीची वेळ कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न आहारतक्त्याइतकाच वैद्यकीय आहे. सकाळी अकराचा गट निवृत्तांचा होणार. रात्री साडेआठच्या गटात स्वयंपाक करणाऱ्या बायका नसणार.

एका खोलीतल्या गटाचेही तसेच आहे. तो फसतो तो बहुधा गळतीमुळे आणि गळतीची सुरुवात लाजेपासून होते. नेहमी दिसणारा प्रसंग असा. बैठकीच्या दारात वजनकाटा ठेवलेला असतो आणि एक उत्साही स्वयंसेवक प्रत्येकाचे वजन मोठ्याने वाचून तक्त्यावर लिहितो. कमी झाले त्याला टाळ्या. ज्या बाईचे दोन किलो वाढले ती हसून वेळ मारून नेते. पुढच्या आठवड्यात तिची खुर्ची रिकामी असते आणि त्यापुढच्या आठवड्यात ती खुर्ची मांडलीही जात नाही. ज्यांना गटाची सर्वांत जास्त गरज असते, तेच असे पहिल्यांदा गळतात. म्हणून वजन, साखर, रक्तदाब यांच्या नोंदी आडोशाला आणि ज्याच्या त्याच्या वहीत. गटात सांगायचे की नाही हे त्याने ठरवावे.

गटाचे काम नव्हे ते

काही निर्णय गटाने घ्यायचे नसतात. कोणी आनंदाने सांगतो, 'कारल्याचा रस सुरू केला आणि गोळ्या बंद केल्या.' येथे सुलभकाने मौन पाळणे धोक्याचे. खिल्लीही उडवू नये, नाही तर पुढच्या वेळी तो हे लपवेल. 'गोळी कमी करायची की बंद करायची हे फक्त तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवायचं. या आठवड्यात त्यांना भेटाल का?' असे सर्वांसमोर, स्पष्ट बोलावे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने गटाच्या उत्साहात एकदम जेवण तोडले किंवा उपवास धरला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे प्रत्येक गटाला पहिल्याच महिन्यात माहीत हवीत. अशा वेळी लगेच साखर किंवा ग्लुकोज खायचे, हेही. चालताना छातीत दुखणे, पायाची न भरणारी जखम, अचानक धूसर दिसणे यांवर चर्चा करायची नसते, त्या व्यक्तीला दवाखान्यात धाडायचे असते.

मनाचेही तसेच. आहाराविषयी बोलता बोलता कोणाच्या डोळ्यांत पाणी येते, 'जगावंसंच वाटत नाही' असे शब्द निघतात. सुलभक समुपदेशक नसतो. त्याने बैठक सावरावी, त्या व्यक्तीजवळ नंतर एकट्याने बसावे आणि मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवण्याची वाट दाखवावी. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक प्रत्येक सुलभकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असायला हरकत नाही.

आणि जो गट प्रोटीनच्या डब्यांची किंवा 'साखर मुळापासून घालवणाऱ्या' चूर्णाची विक्री करण्यासाठी भरतो, तो गट नसून दुकान आहे. तिथला सुलभक विक्रेता असतो आणि तिथे 'मला फायदा झाला नाही' असे म्हणायला जागा नसते.

रिकाम्या खुर्चीचा फोन

महाराष्ट्राला गट नवे नाहीत. बचत गट, भजनी मंडळ, भिशी, सकाळचा हास्यक्लब, हे सारे एकमेकांना धरून ठेवणारे गटच आहेत. बचत गटात हप्ता चुकला की बाकीच्या जणी तिच्या दारात जातात. भजनी मंडळात टाळ वाजवणारा दोन शुक्रवार दिसला नाही, की कोणी तरी चौकशी करते. आरोग्याच्या गटाने उचलण्यासारखे यापेक्षा मोठे काही नाही.

त्यासाठी एक काम प्रत्येक सुलभकाने, कितीही थकला तरी, बैठकीच्या दिवशीच करावे. जी खुर्ची रिकामी राहिली तिच्या मालकाला फोन. 'का आला नाहीत' असे विचारण्यासाठी नव्हे. 'आज तुमची आठवण निघाली. उपवासाच्या पदार्थांचं बोलणं झालं, तुमची राजगिऱ्याची थालीपीठं पुढच्या वेळी सांगाल का?' एवढेच. वजन दोन किलो वाढल्यामुळे घरी बसलेल्या बाईला यातून कळते, की तिथे तिच्या आकड्याची कोणी वाट पाहत नाही, तिची पाहते. पुढच्या शनिवारी ती आली, तर त्या दिवशी बैठकीत आणखी काही विशेष साधले नाही तरी चालते.